तीन खणांचा स्टीलचा डबा मधल्या सुट्टीच्या कसोटीला किती उतरतो

बाजूच्या दोन क्लिपांनी बंद होणारा, आत तीन खण असलेला आणि सोबत झाकणाची एक छोटी गोल डबी येणारा स्टीलचा चपटा डबा सध्या कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत भांड्यांच्या दुकानांत सहज मिळतो. त्यावर एखाद्या मोठ्या कंपनीचे नाव असतेच असे नाही. आकार, खणांची मांडणी आणि झाकणातली सिलिकॉनची रिंग मात्र सगळीकडे जवळपास सारखीच असते. माझी मुलगी तिसरीत आहे आणि मुलगा सातवीत. दोघांचे डबे भरण्याचे काम घरात माझ्याकडे आहे आणि मुलगी गेल्या वर्षापासून हाच डबा शाळेत नेते. पोळी, कोरडी उसळ किंवा भाजी आणि थोडे फळ एवढ्या जेवणासाठी, प्राथमिक शाळेतल्या मुलांकरिता, हा डबा मी निःसंकोचपणे सुचवेन. पातळ पदार्थांसाठी मात्र तो घेऊ नये, आणि मोठ्या मुलाची भूक त्यात मावत नाही.

डबा घेताना आपण त्याचा टिकाऊपणा बघतो, चकाकी बघतो, दप्तरात बसेल की नाही ते बघतो. माझ्या मते या सगळ्याच्या आधी मधल्या सुट्टीचा विचार करायला हवा. घंटा झाली की मुलांना हात धुवायचे असतात, नळापाशी रांग असते, वर्गात किंवा व्हरांड्यात मैत्रिणींशेजारी जागा धरायची असते, आणि जेवण उरकून मैदानावर जाण्याची ओढ तर पहिल्या क्षणापासून असते. यातून प्रत्यक्ष खाण्यासाठी जी थोडी मिनिटे उरतात, तेवढ्यात मुलाला स्वतःच्या हाताने डबा उघडता आला पाहिजे, आतला पदार्थ खाण्याजोगा राहिलेला असला पाहिजे आणि तो अंगावर न सांडता संपवता आला पाहिजे. अर्धा डबा परत आला की आपण मुलांनाच बोलतो. पण पुष्कळदा पोळी ओली होऊन चिकटलेली असते, भाजीचे तेल फळात उतरलेले असते किंवा झाकणच नीट उघडलेले नसते. घरी कितीही विचार करून पौष्टिक स्वयंपाक केला, तरी तो मुलाच्या पोटात गेला तरच उपयोगी, आणि म्हणून डब्याची निवड हाही त्या स्वयंपाकाचाच भाग आहे असे मी मानतो.

आधी धातूविषयी. बरेच दुकानदार डब्याला लोहचुंबक लावून दाखवतात आणि चुंबक चिकटले नाही म्हणजे स्टील उत्तम असे सांगतात. ही परीक्षा अपुरी आहे. खाण्याच्या भांड्यांसाठी चांगले मानले जाणारे ३०४ प्रतीचे स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, चुंबकाला चिकटत नाही हे खरे. परंतु निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेले २०२ प्रतीचे स्वस्त स्टीलही चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ स्टीलचा दाबून वळवलेला काठ कधीकधी चुंबकाला किंचित ओढतो, कारण थंड अवस्थेत वाकवल्यामुळे तेवढ्या भागातल्या धातूची अंतर्गत रचना बदलते. खरा फरक वापरात कळतो. मीठ, चिंच, लिंबू आणि टोमॅटो यांचा संबंध रोज आला की हलक्या प्रतीच्या स्टीलवर तपकिरी ठिपके आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे लवकर पडू लागतात. त्यामुळे चुंबकापेक्षा डब्याच्या तळाकडे लक्ष द्यावे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून स्टीलच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह बंधनकारक केले असून त्यासाठीचे भारतीय मानक आयएस १४७५६ हे आहे. मी निवडलेल्या डब्यावर हे चिन्ह होते. त्याच्या शेजारी ठेवलेल्या, दिसायला अगदी तशाच आणि किमतीला स्वस्त असलेल्या डब्यावर काहीही नव्हते. दोन्ही हातांत धरून पाहिले असता स्वस्त डब्याचा पत्रा अंगठ्याने दाबताच आत जात होता.

दुकानातच पाणी घालून पाहण्याची विनंती मी केली आणि दुकानदाराने ती आनंदाने मान्य केली. “बघा की भरून, काय हरकत नाही,” ते म्हणाले, “पण आधीच सांगतो, उलटा झाला की तिन्ही खणांतलं पाणी एक होणार. बाहेर थेंब येणार नाही, एवढी खात्री.” तसेच झाले. डबा आडवा आणि उलटा धरूनही बाहेर पाणी आले नाही, पण झाकण उघडल्यावर एका खणातले पाणी तिन्ही खणांत पसरलेले होते. याचे कारण असे की खणांच्या मधल्या भिंती झाकणाला टेकत नाहीत. भिंतीचा माथा आणि झाकण यांच्यात पेन्सिलीच्या जाडीएवढी फट राहते. या जातीच्या डब्यांचा हा मूळ स्वभाव आहे आणि तो माहीत नसल्यामुळेच अनेकांची निराशा होते. ‘गळत नाही’ याचा अर्थ दप्तर कोरडे राहते एवढाच घ्यावा. दुकानदाराने हे न विचारता सांगितले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

मुलांच्या हातांचा विचार या डब्यात कमी झाला आहे. क्लिप स्टीलच्या आहेत, मजबूत आहेत, पण नव्या असताना त्या इतक्या घट्ट असतात की आठ वर्षांच्या मुलीला दोन्ही अंगठे लावूनही त्या उघडत नाहीत. पहिल्या आठवड्यात मुलगी घरी येऊन म्हणाली, “बाबा, झाकण निघतच नाही, रोज बाईंना सांगाय लागतंय.” वर्गात अनेक मुले असताना बाईंनी प्रत्येकाचा डबा उघडून द्यावा ही अपेक्षा बरोबर नाही, आणि संकोची मूल तर सांगणारही नाही; ते डबा तसाच परत आणेल. घरी रोज संध्याकाळी रिकामा डबा तिच्याकडून उघडून-मिटवून घेतल्यावर आणि रिंगेला खोबरेल तेलाचे बोट फिरवल्यावर अडचण दूर झाली. पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी घेणाऱ्यांनी मूल बरोबर घेऊनच दुकानात जावे आणि त्याला तिथेच डबा उघडायला सांगावे. डब्याच्या काठाची धार मात्र व्यवस्थित आत वळवलेली आहे, बोट फिरवले तरी कुठे टोचत नाही. लहान मुलांच्या वस्तूत ही गोष्ट मी पहिल्यांदा तपासतो.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे या खणांत बसते किती आणि काय. किती द्यावे यासाठी अंदाजाने डबा भरण्यापेक्षा मी शालेय पोषण आहाराचे सरकारी प्रमाण समोर ठेवतो. त्या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे, आणि त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे कच्च्या शिध्याचे माप आहे. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहेत. या डब्याच्या मोठ्या खणात मध्यम आकाराच्या दोन पोळ्या चौपदरी घडी घालून आरामात बसतात; तिसरी दाबून बसवली तर बसते, पण झाकण लावताना चेपली जाते. दोन पोळ्यांना सुमारे ६५ ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यातून साधारण ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. मधल्या खणात २० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली उसळ सहज मावते, त्यातून आणखी सुमारे चार ग्रॅम. उसळीवर चमचाभर शेंगदाण्याचे कूट घातले की १२ ग्रॅमचा पल्ला गाठला जातो. धान्य सरकारी मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी पडते, पण घरून दूध-पोहे खाऊन निघालेल्या आणि चार वाजता परत येणाऱ्या मुलीला ते पुरते.

पोळीची खरी शत्रू वाफ आहे. स्टीलचे झाकण लवकर थंड होते, त्यामुळे गरम पोळी डब्यात घालून क्लिप लावली की वाफेचे थेंब झाकणाच्या आतल्या बाजूला जमतात आणि तेच पोळीवर उतरतात. दुपारी वरची पोळी ओलसर, खालची चिकट आणि कडा वातड, अशी अवस्था होते. पोळी जाळीवर पूर्ण निवू द्यावी, तिला आतून अगदी थोडे तूप लावावे आणि मोठ्या खणात धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा रुमालाएवढा तुकडा अंथरून त्यात ती गुंडाळावी. हा तुकडा रोज धुवावा लागतो, पण त्याचा फायदा एवढा आहे की मी आता दुसरा विचारच करत नाही. पुष्कळ घरांत यासाठी वर्तमानपत्राचा कागद वापरला जातो. छपाईच्या शाईतले घटक अन्नात, विशेषतः तेलकट आणि गरम अन्नात उतरतात, म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नये असे वारंवार बजावले आहे. घरच्या डब्यात तरी ती सवय सोडून द्यावी.

आपल्याकडची शाळूची भाकरी डब्यात द्यावीशी वाटते, आणि आजी-आजोबा घरात असतील तर तसा आग्रहही होतो. गरम भाकरीची गोडी निराळीच, पण सकाळी सातला केलेली भाकरी दुपारपर्यंत कडक होते, ती मोडायला लहान बोटांना जोर लागतो आणि मूल अर्धी भाकरी टाकून देते. तेच शाळूचे पीठ, थोडे बेसन आणि थोडी कणीक, त्यात मेथी किंवा कोथिंबीर, तीळ, ओवा आणि दही घालून केलेले धपाटे दुपारीही मऊ राहतात. ते तळहाताएवढेच करावेत म्हणजे घडी न घालता मोठ्या खणात एकावर एक बसतात. नाचणीचेही तसेच आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत म्हटले आहे, आणि १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ३० ग्रॅम पीठ पोटात गेले तरी शंभर मिलिग्रॅमची सोय झाली. नाचणीची भाकरी मुलगी डब्यात नेत नाही. परंतु नाचणी आणि उडदाच्या पिठाचे आप्पे ती आवडीने खाते. आप्पे या डब्यासाठीच जन्मले आहेत असे वाटावे इतके ते मोठ्या खणात शिस्तीत बसतात, हाताला तेल लागत नाही, आणि एका घासाला एक संपतो.

भाजी आणि उसळ यांच्यासाठी मधला खण आहे, आणि इथे आपल्या कोल्हापुरी हाताला थोडी मुरड घालावी लागते. आपली भाजी म्हणजे कांदा-लसूण चटणी आणि वर तेलाचा तवंग. तो तवंग दप्तर हलले की भिंतीवरून पलीकडे जातो आणि पेरूच्या फोडी लाल होतात. डब्यासाठी भाजी करताना शेवटी ती झाकण न ठेवता परतून पाणी पूर्ण आटवावे, चमचाभर भाजलेले बेसन किंवा शेंगदाण्याचे कूट घालावे म्हणजे सुटे तेल त्यात शोषले जाते. झुणका या दृष्टीने उत्तम आहे. गवार, घेवडा, कोबी, दोडक्याच्या शिरांची चटणी, मोडाची मटकी आणि हरभरा हे पदार्थ या खणात चांगले राहतात. वांग्याची रस्साभाजी आणि शेवग्याची आमटी राहत नाहीत. तिखटाचे प्रमाणही मुलाच्या बेताने धरावे, कारण शाळेत तोंड भाजले की मूल नुसती पोळी खाऊन उठते आणि उसळ तशीच राहते.

तिसऱ्या, सगळ्यांत लहान खणाविषयी मला जास्त काळजी वाटते. रिकामा खण दिसला की तो भरण्याची इच्छा होते आणि घाईच्या सकाळी हाताला लागते ते बिस्किट किंवा वेफर्सचे पाकीट. २०२० च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार जादा चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. जे शाळेच्या दारात विकायला मनाई आहे, ते आपणच डब्यात घालून आत पाठवावे हे मनाला पटत नाही. जयसिंगपूरचे भडंग आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहे आणि पाकिटातल्या वेफर्सपेक्षा शेंगदाण्यांमुळे ते बरेच बरे. तरी त्यातले तेल आणि मीठ पाहता मी ते शनिवारच्या सकाळच्या शाळेपुरतेच ठेवले आहे. गुळाबद्दलही थोडे स्पष्ट बोलायला हवे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, परंतु पौष्टिकतेच्या हिशेबात गूळ मुख्यतः साखरच आहे. शेंगदाण्याची चिक्की द्यावी ती शेंगदाण्यासाठी, आणि एखादीच वडी.

हा खण फळाचा आणि कच्च्या भाजीचा आहे असे एकदा ठरवून टाकले की प्रश्न सुटतो. पेरूच्या फोडी सगळ्यांत चांगल्या, कारण त्या काळ्या पडत नाहीत, पाणी सोडत नाहीत आणि त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकी, नाचणी व पालेभाज्यांतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. त्यामुळे उसळीच्या दिवशी पेरू किंवा आवळा, आणि काहीच नसेल तर उसळीवर लिंबू, हा माझा नेम आहे. डाळिंबाचे दाणे, हंगामात तासगावकडची द्राक्षे, गाजराचे लांब तुकडे हेही नीट राहतात. काकडी मात्र चिरून मीठ लावून दिली तर तासाभरात पाणी सुटते. ती मीठ न लावता जाड तुकड्यांत द्यावी. केळे या डब्यात बसत नाही आणि चिरून दिलेले केळे कोणतेही मूल खात नाही, म्हणून ते सालीसकट दप्तराच्या वेगळ्या कप्प्यात द्यावे.

सोबत आलेली गोल डबी छोटी असली तरी उपयोगी आहे. तिला स्वतःची रिंग आहे आणि ती खरोखर गळत नाही, त्यामुळे दही, लोणचे किंवा चटणी तिच्यात देता येते. अडचण अशी की ती मधल्या खणात ठेवावी लागते, आणि मग भाजीला जागाच उरत नाही. ज्या दिवशी मेथीचे पराठे किंवा धपाटे असतात आणि भाजीची गरज नसते, त्या दिवशी दही याच डबीतून जाते.

काही पालक गरम अन्नासाठी दुहेरी भिंतीचा, गरम ठेवणारा डबा घ्यावा असे सुचवतात. कोल्हापुरातल्या पावसाळ्यात, चार-चार दिवस सूर्यदर्शन नसताना, मुलाला गरम जेवण मिळावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु शिजवलेल्या अन्नात जीवाणू सर्वाधिक वेगाने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. सकाळी सातला भरलेला साधा दुहेरी डबा दुपारपर्यंत अन्न साठ अंशांच्या वर ठेवत नाही. तो ते तासन्‌तास कोमट ठेवतो, आणि भात, पनीर, अंडी, मटण यांच्यासाठी तीच अवस्था सर्वांत वाईट. रविवारचे सुके मटण सोमवारच्या डब्यात द्यावे असा मुलाचा हट्ट असतो, तो मी याच कारणासाठी मान्य करत नाही. भाताबद्दल विशेष काळजी घ्यावी. रात्रीचा भात ओट्यावरच राहिला असेल तर सकाळी त्याला फोडणी देऊन डब्यात घालू नये, कारण भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियस या जीवाणूचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. एकेरी भिंतीचा हा स्टीलचा डबा अन्न गरम ठेवत नाही हे खरे आहे. मला ते वैगुण्य वाटत नाही, कारण त्यामुळे निवल्यावर चांगले लागणारे आणि कोरडे राहणारे पदार्थच निवडण्याची शिस्त आपोआप लागते.

स्वच्छतेच्या बाबतीत डब्याचे स्टील निर्दोष आहे आणि रिंग सदोष. स्टीलला हळदीचा डाग लागत नाही, वास धरत नाही, राख, साबण, गरम पाणी कशानेही ते निघते. फक्त काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासू नये. खणांच्या तळाचे कोपरे गोलसर दाबलेले आहेत, त्यामुळे मोहरी किंवा मटकीचा दाणा अडकून राहत नाही. रिंग मात्र आठवड्यात लसणाचा वास धरते आणि कांदा-लसूण चटणीने नारिंगी होते. पावसाळ्यात रिंग काढून पाहिली तेव्हा झाकणाच्या खाचेत काळसर बुरशीची बारीक रेघ दिसली, आणि ती बाहेरून अजिबात दिसत नव्हती. तेव्हापासून चमच्याच्या दांड्याने रिंग रोज बाहेर काढली जाते, खाच जुन्या दातांच्या ब्रशने घासली जाते आणि रात्रभर डबा, झाकण व रिंग वेगवेगळे पालथे ठेवले जातात. वासासाठी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रिंग अर्धा तास भिजवली की बराच फरक पडतो. ज्यांच्या घरी भांडी घासायला मावशी येतात त्यांनी हे काम त्यांच्यावर सोडू नये. रिंग निघते हेच पुष्कळांना माहीत नसते.

सातवीतल्या मुलासाठी मी हा डबा घेऊन पाहिला आणि परत जुन्या पद्धतीच्या, कडीच्या दोन मजली गोल डब्याकडे वळलो. त्याला तीन-चार पोळ्या लागतात, आणि ३० ग्रॅम कडधान्याची उसळ अधिक ७५ ग्रॅम भाजी हे त्याच्या वयाचे माप चपट्या डब्याच्या खणांत बसत नाही. गोल डब्यात खालच्या मजल्यावर उसळ, वरच्या मजल्यावर पोळ्या आणि फळ स्वतंत्र, अशी सोय होते. दोन मजले पूर्ण वेगळे असल्यामुळे एकाचे दुसऱ्यात मिसळत नाही. तो दप्तरात उभा बसत नाही, त्याला वेगळी पिशवी लागते आणि ती पिशवी बसमध्ये विसरते, ही त्याची बाजू मुलानेच माझ्या लक्षात आणून दिली आहे. तरीही वाढत्या मुलाला पोटभर जेवण नेता येणे मला पिशवीच्या त्रासापेक्षा महत्त्वाचे वाटते.

किंमत मला वाजवी वाटली. त्याच आकाराच्या चांगल्या प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा ती जास्त आहे, पण प्लॅस्टिकचा डबा चरे पडून आणि हळदीने पिवळा होऊन लवकर टाकावा लागतो, आणि हा स्टीलचा डबा मुलगी प्राथमिक शाळा पूर्ण करेपर्यंत चालेल अशी त्याची आजची अवस्था आहे. त्याला अडथळा फक्त रिंगेचा. ती सैल पडू लागली आहे, आणि जिथून डबा घेतला तिथे किंवा आसपासच्या दुकानांत सुटी रिंग विकत मिळाली नाही. ‘नवीन डबाच घ्या’ असे उत्तर मिळाले. प्रेशर कुकरची रिंग जशी कोणत्याही भांड्यांच्या दुकानात सुटी मिळते, तशी या डब्यांचीही मिळायला हवी. नवीन घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधीच दुकानदाराला जादा रिंग मागावी, आणि ती मिळत नसेल तर जिथे मिळते अशा दुकानातून डबा घ्यावा.